काचघरातला भराव

काचघरात शिरणाऱ्या माणसाला आधी आपली लायकी कळावी, अशी सोय थोरल्या साहेबांनी मुद्दाम करून ठेवली होती. मुख्य दारापासून स्वागताच्या टेबलापर्यंत इतकं चालावं लागायचं की नोकरी मागायला आलेला माणूस पोचेपर्यंत घामाघूम व्हायचा आणि तक्रार घेऊन आलेला निम्म्या वाटेतून परत फिरायचा. थोरल्या साहेबांना हे फार आवडायचं. ते वीज कंपनीचे मालक. वीज विकून पैसा नुसता धो धो येत होता, त्या काळात त्यांनी गावाबाहेर हा कॅम्पस उठवला. काचेच्या तीन भल्यामोठ्या इमारती, मधे तळं, तळ्यात कारंजं, डोकं शांत करायला एक गोल हॉल आणि हेलिकॉप्टर उतरवायला एक चौथरा. हेलिकॉप्टर कंपनीकडे नव्हतं, पुढेही कधी आलं नाही. पण चौथरा हवाच! पाच हजार माणसं बसतील एवढी जागा बांधली. भरभराटीच्या दिवसांतही त्यातल्या निम्म्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालं नाही.

आता थोरले साहेब राहिले नव्हते आणि भरभराट त्यांच्याही आधी गेली होती. लोकांनी आपापल्या छपरांवर सोलर लावलं, कारखानदारांनी दुसरीकडून स्वस्त वीज घेतली आणि कंपनीचं निम्मं वीज केंद्र गंजत पडलं. काचघरात उरली जेमतेम दीडशे माणसं. ती मधल्या इमारतीच्या एका मजल्यावर कोंबून बसवलेली. बाकी सगळीकडे धूळ आणि कबुतरं. वीज विकणाऱ्या कंपनीच्या भिंतींवर ‘कृपया दिवे बंद करा’ असे कागद डकवलेले. एसी चालायचा तो फक्त धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये, कारण तिथे विचार चालायचा म्हणे.

या सगळ्या पसाऱ्याची देखभाल एका बाईंकडे होती. गळती, लिफ्ट, गटारं, बगीचा, पहारा, सगळं त्यांच्याच गळ्यात. कमरेला किल्ल्यांचा एवढा थोरला जुडगा, म्हणून सगळे त्यांना किल्लीबाई म्हणायचे. बाई कामाला वाघीण. तोंडाने फटकळ, पण साहेबासमोर मात्र ‘हो साहेब’. आजवर नोकरी टिकली ती त्या ‘हो साहेब’वरच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

किल्लीबाईंचा नवरा याच कंपनीत टर्बाइनवर होता. वीज केंद्र निम्मं बंद झालं तेव्हा तो घरी बसला आणि वर्षभरात त्याची दोन्ही मूत्रपिंडं बसली. आता एक दिवसाआड डायलिसिस. त्यासाठी जायचं लांबच्या शहरात. पहाटे निघायचं, घाट उतरायचा, चार तास यंत्राला जखडून पडायचं आणि परतीच्या बसमध्ये ओकाऱ्या काढत यायचं. मधला दिवस त्या थकव्यातून उठण्यात जायचा, तोवर पुन्हा पहाट. माणूस पार चिपाड झाला होता. गेल्या महिन्यात तो बाईंना म्हणाला होता, “अगं, मी आजाराने नाही मरणार. या बसने मरणार.”

आणि तेवढ्यात ती बातमी आली. एका रुग्णालयाच्या संस्थेला काचघराच्या दोन इमारती हव्या होत्या. एक इमारत कंपनीने ठेवावी, दोन रुग्णालयाला द्याव्यात आणि पाणी, वीज कंपनीनेच पुरवावी. सगळ्यात आधी सुरू होणार ते डायलिसिसचं केंद्र! किल्लीबाईंचं घर कंपनीच्या वसाहतीत, फाटकाला लागूनच. त्यांनी घरी जाऊन सांगितलं तर नवरा कितीतरी वेळ नुसता हसत बसला. “मी चालत जाईन,” तो म्हणाला. “चप्पल घालून, चालत. येताना भाजी पण आणीन.” बाईंना त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

संस्थेच्या मुख्य डॉक्टरबाई स्वतः जागा बघायला येणार ठरलं. धाकट्या साहेबांनी लगेच बैठक बोलावली. धाकट्या साहेबांनी बापाकडून दोन गोष्टी घेतल्या होत्या, कंपनी आणि तोरा. पैकी कंपनी संपत आली होती. शेजारी बसला होता त्यांचा सल्लागार. हा बाहेरून आणलेला, टोकदार बुटांचा. सल्ला द्यायचे पैसे घ्यायचा आणि सल्ला चुकला की तो का चुकला हे समजावायचे वेगळे घ्यायचा.

“एक लक्षात ठेवा,” सल्लागार म्हणाला, “गरजू दिसायचं नाही. गरजू दिसलात की समोरचा गळा धरतो. कंपनी जोरात आहे, असंच दिसलं पाहिजे.”

“म्हणजे भराव,” धाकटे साहेब खूश होऊन म्हणाले.

आता हा भराव काय, ते सांगितलं पाहिजे. काचघरातली ती जुनी रीत होती. बँकवाले येवोत, मंत्री येवोत, पैसेवाले येवोत, कोणी आलं की रिकामी जागा माणसांनी भरून दाखवायची. इमारतींच्या खालून केबल नेणारा एक भुयारी रस्ता होता, माणूस वाकून जाईल एवढा. पाहुण्यांना एक इमारत दाखवून झाली की त्यांना छोट्या गाडीत बसवून तळ्याभोवती रमतगमत फिरवायचं. कारंजं दाखवायचं, तो मोकळा चौथरा दाखवायचा. तोवर तीच माणसं खालच्या भुयारातून धावत पुढच्या इमारतीत जाऊन बसायची. पहारेकऱ्यांनी वर्दी उतरवायची, ड्रायव्हरांनी चष्मे लावायचे, खानावळीतल्या बायकांनी कानाला फोन धरायचे. खुर्च्यांच्या पाठीवर कोट टांगायचे, फळ्यांवर बाणबिण काढायचे, कपात उष्टा चहा ठेवायचा. ही उष्ट्या चहाची युक्ती किल्लीबाईंची. बँकवाले त्यालाच भुलले होते आणि बाईंना त्याचा कोण अभिमान!

म्हणजे बघा. रिकामी जागा घ्यायला गिऱ्हाईक येतंय आणि हे शहाणे ती जागा भरून दाखवायला निघालेत. हे दुधखुळ्या पोरालाही कळलं असतं. पण बैठकीत पोर नव्हतं, सल्लागार होता. साहेबांना कळलं नाही, कारण त्यांना काहीच कळायचं नाही. आणि किल्लीबाईंना? त्यांचाच जीव त्या जागेत अडकला होता, तरी त्यांनाही कळलं नाही. पाहुणे म्हटलं की भराव, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं. उलट त्या हुरूपाने म्हणाल्या, “साहेब, असा भराव घालते की आजवर घातला नाही.”

आणि घातलाही. आठवडाभर बाई घरी नीट जेवल्या नाहीत. धूळ झाडली, कबुतरं हाकलली, बंद कॉम्प्युटरांना वायरी जोडल्या, प्रिंटरमध्ये कोरे कागद सोडून ते खडखडत ठेवायची माणसं नेमली. भुयारातून धावायची तालीम घेतली. अकाउंट्सच्या काकांना गुडघ्याचा त्रास, ते कण्हायला लागले. बाई म्हणाल्या, “काका, एक दिवस कळ काढा. इथे रुग्णालय झालं की तुमचा गुडघा फुकट दाखवू.” काका बिचारे पळाले.

ठरल्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. साधी सुती साडी, पांढरे केस, पायात बूट. बरोबर एक इंजिनीअर, तो भिंतींवर टकटक करत चाललेला. स्वागताच्या टेबलापर्यंतचं ते चालणं डॉक्टरबाईंनी झपझप संपवलं आणि म्हणाल्या, “इथे स्ट्रेचर किती वेळ ढकलावं लागेल हो?” धाकटे साहेब मोठ्याने हसले. त्यांना वाटलं विनोद केला.

पहिली इमारत गजबजलेली होती. फोन वाजत होते, माणसं हातवारे करत होती, प्रिंटर कोरे कागद ओकत होते. पहारेकरी टाय लावून एका कॉम्प्युटरकडे असा टक लावून बघत होता की जणू तिथे चोर शिरलाय. किल्लीबाई पाहुण्यांच्या मागून चालत होत्या आणि त्यांची छाती फुगली होती.

“बरीच माणसं दिसतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“ही तर कमीच. निम्मी आज बाहेरगावी कामावर गेलीत,” साहेबांनी ठोकून दिलं.

“ही इमारत आम्हाला दिलीत तर मग ही सगळी कुठे बसणार?”

साहेबांनी सल्लागाराकडे बघितलं. सल्लागाराने मान डोलावली, म्हणजे जोरात आहोत असं सांगा. “कुठे म्हणजे? त्यांच्यासाठी नवं काहीतरी बांधावं लागेल,” साहेब ऐटीत म्हणाले. “दोन-तीन वर्षं धरा. आम्हाला काही घाई नाही!”

डॉक्टरबाई नुसतं “असं होय” म्हणाल्या आणि इंजिनीअरने भिंतीवरची टकटक थांबवली.

किल्लीबाईंनी ते मागून ऐकलं. दोन-तीन वर्षं? घरातल्या माणसाला दोन-तीन महिने निघतील की नाही याचा भरवसा नव्हता. अहो, यांना रिकामी जागा हवी आहे! आपण हे काय करून बसलो? एवढी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात आधी का शिरली नाही? त्यांना स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

तळ्याला वळसा घालताना गाडी कारंज्यापाशी थांबली, तेव्हा त्यांनी साहेबांना बाजूला ओढलं. “साहेब, यांना भरलेली इमारत नको आहे. सांगून टाका की सगळं रिकामं आहे, उद्या किल्ल्या देतो म्हणून.”

“तुम्ही गप्प बसा हो,” साहेब दात न उघडता म्हणाले. “भाव चढतोय, दिसत नाही का?”

आणि तेव्हा, त्या घटकेला, खालच्या भुयारातून दीडशे माणसं वाकून पळत होती. ती बाईंच्याच हुकमाने पळत होती. वाटलं, कारंज्याजवळ उभं राहून ओरडावं, थांबा रे, जाऊ नका! पण साहेबांसमोर बाईंचं तोंड उघडलं नाही. वीस वर्षांची सवय, ती काय एका चकरेत जाते?

मधली इमारत पहिलीपेक्षा रंगली, मागची तर कडेलोट. काकांचा श्वास लागलेला, कपाळावरून घाम टपकतोय आणि समोर कोरा कागद. डॉक्टरबाई त्यांच्यापाशी थांबल्या, नाडीकडे हात नेत म्हणाल्या, “तुम्हाला बरं वाटत नाही का?”

“कामाचा ताण हो,” सल्लागार मधेच म्हणाला. “इथे सगळे झोकून देतात.”

मग बैठकीच्या खोलीत चहा झाला. डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला आणि सरळ बोलल्या. “साहेब, जागा छान आहे. पण आम्हाला उन्हाळ्याच्या आत यंत्रं बसवायची आहेत. एवढी नांदती कंपनी आम्ही कशाला उठवू? पलीकडच्या जिल्ह्यात एक बंद कारखाना बघून ठेवलाय, तोच घेतो आता. तुमची भरभराट बघून बरं वाटलं.”

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. समोरच्यांनी त्यांची थाप शंभर टक्के खरी मानली होती आणि त्यांना ती कुठे ठेवावी हे कळेना.

मग मात्र किल्लीबाईंचा बांध फुटला. “डॉक्टरबाई, हे सगळं खोटं आहे!” त्या म्हणाल्या. “इथे कोणी नांदत नाही. तिन्ही इमारतींत तुम्ही तीच माणसं बघितलीत. खालून भुयार आहे, त्यातून पळवली. मीच पळवली. दोन इमारती ओस पडल्यात. उद्या ताबा घ्या.”

“बाईंना हल्ली घरचा त्रास आहे,” साहेब हसत म्हणाले. “मनावर घेऊ नका.”

डॉक्टरबाईंनी दारात उभ्या असलेल्या काकांना हाक मारली. “तुम्ही सांगा. तुम्ही आज तिन्ही इमारतींत बसला होतात?”

काकांनी साहेबांकडे बघितलं, मग किल्लीबाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे. “मी? नाही बुवा. मी सकाळपासून माझ्या जागेवरून हललोसुद्धा नाही.” आणि असं म्हणताना त्यांच्या केसांतलं भुयारातलं जळमट नाकावर लोंबत होतं.

डॉक्टरबाई उठल्या. “चला, पहिली इमारत पुन्हा बघू.”

कोणाला अडवायची हिंमत झाली नाही. पहिल्या इमारतीत दिवे लागलेले होते आणि आत चिटपाखरू नव्हतं. इंजिनीअरने एक कॉम्प्युटर हलवला, तो नुसता खोका निघाला. खुर्चीवरच्या कोटाच्या खिशात त्याला पहारेकऱ्याची शिट्टी सापडली. त्याने ती वाजवून बघितली, त्या ओसाड मजल्यावर तिचा आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला.

किल्लीबाईंचा जीव भांड्यात पडला. “बघितलंत? सगळं मोकळं आहे. मी स्वतः साफ करून देते. किल्ल्या आत्ता देते.” त्या कमरेचा जुडगा सोडायलाच लागल्या. “माझ्या नवऱ्याचंच डायलिसिस चालू आहे हो. माझ्यापेक्षा ही जागा कोणाला हवी असेल?”

डॉक्टरबाईंनी त्यांचा हात धरून थांबवला. हात मायेचाच होता. “किती दिवसाआड असतं?”

“एक दिवसाआड. शहरात.”

“मग तुम्हाला समजावायला नको. यंत्र चालू असतं तेव्हा माणसाचं रक्त बाहेर फिरत असतं. त्या वेळी वीज जाऊन चालत नाही, पाणी बिघडून चालत नाही. इथे दोन्ही तुमची कंपनी देणार. एक दिवस रात्रीबेरात्री वीज डळमळेल, मी इथे फोन करीन की किती वेळ लागेल, पेशंट यंत्रावरून काढू का? मला खरं कोण सांगेल? हे साहेब? ते काका? की तुम्ही, साहेबांनी हो म्हटल्यावर?”

किल्लीबाईंनी तोंड उघडलं. मी सांगेन, असं म्हणायचं होतं. पण तासापूर्वी कारंज्याजवळ आपण काय केलं, ते त्यांना आठवत होतं. अर्धवट सुटलेला जुडगा त्यांनी पुन्हा कमरेला खोचला.

“अशा ठिकाणी तुम्ही तुमच्या नवऱ्याला यंत्रावर झोपवलं असतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. नाही.

गाडी फाटकाबाहेर गेली. धाकटे साहेब किल्लीबाईंवर असे काही उखडले की बोलायची सोय नाही. म्हणे चालत आलेला सौदा बाईंनी घालवला, म्हणे खाल्ल्या घरचे वासे मोजले. सल्लागाराने बुटाची टोकं न्याहाळत निदान केलं, “प्रामाणिकपणा चांगलाच असतो. फक्त वेळ चुकली.” त्या वाक्याचेही त्याने पुढे पैसे लावले असतील. काका भिंतीच्या कडेकडेने सटकले आणि दीडशे माणसं पुन्हा त्या एका मजल्यावर जाऊन बसली. कोणी बाईंशी बोललं नाही. उद्या कोणीतरी यायचं असलं तर हीच माणसं पुन्हा वाकून पळणार, आणि तेही हसतहसत.

बाई घरी आल्या तेव्हा नवरा दारातच बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. “आल्या होत्या ना त्या? मी गाडी जाताना बघितली,” तो म्हणाला. “काय म्हणाल्या? कधीपासून?”

किल्लीबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, उष्टा चहासुद्धा नाही. सांगताना रडू आलं, रागही आला. साहेबांचा, त्या टोकदार बुटांचा, काकांचा आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा. नवरा ऐकत होता. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाण्याचं त्याचं त्या दिवसाचं माप संपलं होतं, तो ओठांवरून जीभ फिरवत होता.

“अहो, काहीतरी बोला ना,” बाई म्हणाल्या. “शिव्या तरी घाला.”

“आयुष्यभर त्या केंद्रावर काढलंय मी,” तो शेवटी म्हणाला. “वीज जायची तेव्हा वरून सांगायचे, गेलीच नाही म्हणून सांग. मी तेच सांगायचो.” मग म्हणाला, “बरोबर बोलल्या त्या बाई. मी पण नसतो झोपलो त्या यंत्रावर.”

त्याने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून हात पुढे केला. बाईंनी त्याला उठवलं. शर्टाची बटणं तो स्वतःच काढत होता.

“सकाळची पहिलीच बस ना?” त्याने विचारलं. “मग लवकर झोपू.”